एक मीटर, चार चुली

आमच्या नायगावात नोकरीसाठी, मुलांच्या शाळेसाठी खेड्यांतून आलेली बरीच कुटुंबं किरायानं राहतात. आमच्याही घरात तीन किरायादार आहेत. महावितरणचं मीटर एकच, आमच्या ह्यांच्या नावाचं. किरायादारांना आम्हीच बसवलेली सबमीटरं. आलेलं बिल भागिले एकूण युनिट, जो दर निघेल तो सगळ्यांना सारखा. मला वाटायचं, यापेक्षा सरळ हिशोब कोणता?

गेल्या उन्हाळ्यात मधल्या खोलीतली सूनबाई पैसे घेऊन दारात थांबली. म्हणाली, "काकू, माझे साठच युनिट झालेत. माहेरी एवढ्याला इतकं बिल येत नाही." मला रागच आला. बचत गटाचे पै-पैचे हिशोब ठेवणारी मी, अन् माझ्यावर संशय?

रात्री बिल अन् वही घेऊन बसले. किरायादारांचे युनिट ८०, ७० आणि ६०, म्हणजे २१०. मुख्य मीटरवर मात्र ३६०. उरलेले दीडशे आमचे: फ्रिज, कूलर, बोअरची मोटार, जिन्यातला दिवा. घरगुती विजेचा दर टप्प्यानं चढतो. पहिले १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंत महाग, त्यापुढे आणखी महाग. वेगळं मीटर असतं तर तिघीही पहिल्याच टप्प्यात राहिल्या असत्या. चार चुलींचे युनिट एका मीटरवर आले अन् सगळेच वरच्या टप्प्यात गेलो. माझ्या कूलरचा भार दोन बल्ब अन् एक पंखा वापरणारीही उचलत होती. चोरी कुणाचीच नव्हती, पण तोटा तिचा होत होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला वही दाखवली. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार मालकच नव्हे, जागेत राहणाराही वीजजोडणी मागू शकतो. खोलीचं दार अन् वायरिंग वेगळं होतं. किरायाचा करार अन् ह्यांचं संमतीपत्र जोडून तिनं अर्ज केला. मीटर आलं. स्थिर आकार वेगळा भरावा लागतो, तरी तिला परवडतं. बाकी दोघींकडून आता पहिल्या टप्प्याचाच दर घेते.

मैत्रिणींनो, तुम्ही किरायानं राहत असाल तर मूळ बिल बघायला मागा, त्यात लाजायचं काही नाही. अन् घरमालकीण असाल तर कुणी मागायच्या आधीच दाखवा. मी दाखवलं नव्हतं, म्हणून सांगते.