दिवसभर करायचे काय?

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की बाळंतपणाचे किंवा एखादे छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत हा शब्द वेगळ्या जागेसाठी वापरतात. ज्यांना स्वतःचे उठणे-बसणे, खाणे-पिणे, औषधे घेणे जमत नाही अशी माणसे, त्यांतही बहुतेक वृद्ध, तिथे महिनोन्‌महिने, कधी अखेरपर्यंत राहतात. तिथल्या सरकारी तपासणीत औषधे आणि स्वच्छता यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहिली जाते. इथला माणूस दिवसभर करतो काय?

याची पायाभरणी १९८७ च्या कायद्याने झाली. सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमने रहिवाशाचे शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य शक्य तितके टिकवले पाहिजे, असे तो सांगतो. प्रवेशानंतर १४ दिवसांत सविस्तर मूल्यमापन होते आणि ते पूर्ण झाल्यावर ७ दिवसांत लेखी काळजी आराखडा तयार करावा लागतो. मूल्यमापनात रहिवाशाच्या आवडीनिवडी त्यालाच विचारतात. वाचायला वर्तमानपत्र-पुस्तके मिळणे, आवडीचे संगीत, प्राण्यांचा सहवास, बातम्या, चारचौघांत मिसळणे, आवडते छंद, मोकळ्या हवेत जाणे आणि धार्मिक आचार, यांतले तुम्हाला काय किती महत्त्वाचे आहे? त्याला सांगता येत नसेल तर नातेवाइकांना विचारतात.

तरीही आराखडा लिहिताना हात आखडतो. 'रहिवासी आठवड्यातून तीनदा उपक्रमांत सहभागी होतील' असे एक वाक्य सगळ्यांच्या फायलीत चिकटवणे सोपे असते. मग ज्याने आयुष्यात कधी पत्त्यांना हात लावला नाही, त्यालाही बिंगोच्या, म्हणजे आपल्या हाऊजीच्या, टेबलाशी बसवून हजेरी लागते.

समजा, स्मृतिभ्रंश झालेले एक निवृत्त सुतार आहेत. दुपारी चार वाजले की ते अस्वस्थ होतात, येरझारा घालतात, दारे ओढून पाहतात. त्यांच्यासाठीचा चांगला आराखडा असा असेल: 'आठवड्यातील पाच दिवस, दुपारी साडेतीनला, किमान वीस मिनिटे लाकडाचे तुकडे पॉलिश पेपरने घासण्यात रमतील.' त्याखाली ते साहित्य कोण देईल, चष्मा आणि श्रवणयंत्र कोण लावून देईल, बसायची जागा कोणती आणि त्यांनी नकार दिला तर काय करायचे, हेही असेल. दर तीन महिन्यांनी निदान एकदा हे तपासून बदलायचे.

तपासनीस न कळवता येतात. दोन तपासण्यांमध्ये १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नसते. ते काही रहिवाशांच्या फायली वाचतात आणि मग वेगवेगळ्या वेळी जाऊन पाहतात. फायलीत लाकूडकाम आणि प्रत्यक्षात सुतारकाका बंद टीव्हीसमोर पेंगत असतील, तर त्या कागदाचा उपयोग नसतो.

डॉक्टर म्हणून मला यात उपचार दिसतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे स्नायू झपाट्याने झडतात. दिवसा पेंगले की रात्री झोप येत नाही आणि माणूस बडबडू लागतो. मग त्याला शांत करणारी गोळी दिली जाते. त्या गुंगीत तोल जातो, हाड मोडते. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मनोविकारावरील अशा काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. पुष्कळदा त्या अस्वस्थतेमागे दुखणे, बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग असतो. तो आधी शोधायचाच. पण कधी कधी माणसाला नुसते काहीतरी करायला हवे असते.

मुलांपाठोपाठ अमेरिकेत गेलेल्या आणि तिथेच थकलेल्या मराठी आईवडिलांवरही नर्सिंग होमची वेळ येते. आराखडा ठरवताना कुटुंबीयांना सहभागी होता येते. आईला इंग्रजी येत नाही, सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय तिला चैन पडत नाही, हे त्यांनीच सांगायला हवे. उघडी ज्योत चालणार नसेल तर विजेचा दिवा लावता येतो.

आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. तिथे, खासगी आश्रमांत आणि घरातही हा प्रश्न विचारायला हवा. मी स्वतः वर्षानुवर्षे डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी लिहून खाली 'विश्रांती घ्या' असे लिहीत आलो. घरच्यांनी ते इतके मनावर घेतले की चालता येणारे आजोबा महिन्याभराने खुर्चीत बसवून परत आणलेले मी पाहिले आहेत. आता मी नातेवाइकांना विचारतो, आजोबा आधी काय करायचे? कोणी सांगते, शेंगा सोलायचे. कोणी सांगते, पेपर वाचून दाखवायचे. प्रकृतीला झेपेल ते, वेळेसकट, मी गोळ्यांच्या खालीच लिहून देतो.