सम्राट आला नि निघूनही गेला

ऐतिहासिक कादंबरीत खऱ्या थोरामोठ्यांना मुद्दाम कडेला उभं करण्याची रीत वॉल्टर स्कॉटने रुळवली. ‘वेव्हर्ली’मध्ये (१८१४) राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट भेटतो, पण गोष्ट चालते एका काल्पनिक तरुण अधिकाऱ्याची. पुढे हंगेरियन समीक्षक ग्यॉर्ग लुकाचने स्कॉटची हीच पद्धत उचलून धरली.

पण या युक्तीची खरी गंमत चाखायची तर स्टांदालची ‘द चार्टरहाउस ऑफ पार्मा’ (१८३९) वाचावी. नेपोलियनच्या वेडाने झपाटलेला कोवळा फाब्रिस वॉटर्लूच्या रणांगणात घुसतो. समोर एक लालबुंद चेहऱ्याचा अधिकारी दुसऱ्यावर डाफरतोय. हा कोण, असं फाब्रिस शेजारच्या स्वाराला विचारतो. तो मार्शल ने असतो! थोड्या वेळाने जयघोष उठतो, घोडी भरधाव जातात. त्यांत खुद्द सम्राट होता हे पोराला नंतर कळतं; चढवलेल्या ब्रँडीमुळे त्याला तो नीट दिसतच नाही. स्टांदाल स्वतः १८१२च्या रशिया मोहिमेत होता, त्यामुळे लढाईतला हा गोंधळ त्याला ऐकीव नव्हता.

टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’त मार्शल दाव्हू असाच येतो. कैदी पिएरशी त्याची क्षणभर नजरानजर होते आणि पिएर वाचतो.

आपल्याकडे मात्र ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’ अशी शीर्षकापासूनच नायकाची स्वारी निघते. तरी ‘स्वामी’तले रामशास्त्री प्रभुणे थोड्या जागेत भाव खाऊन जातात.