कळ दाबली, अक्षर उमटले नाही

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात देणगीतून आलेला एक जुना डेस्कटॉप आहे. मूळची विंडोज त्याला पेलवेना, तेव्हा मी त्यावर लिनक्स बसवून दिले. गावातल्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, भरतीचे अर्ज याच यंत्रावर भरले जातात. एका पावसाळ्यात, शिष्यवृत्तीच्या अर्जांना दोनच दिवस उरले असताना ग्रंथपालबाईंचा फोन आला. "भाऊ, स्क्रीन दिसतेय, पण कीबोर्ड चालत नाही आणि माउसही हलत नाही."

मी तालुक्याहून नवा कीबोर्ड आणि नवा माउस घेऊन गेलो. तेही ढिम्म! मग शेजारच्या दुकानातून दुसरा कीबोर्ड आणला. फरक शून्य. कार्यवाह म्हणाले, "मदरबोर्ड गेला असणार. भंगारात द्या आता." मीही जवळजवळ मान डोलावली होती. चूक माझी होती. काय तुटले आहे हे न विचारता मी वस्तू बदलत सुटलो होतो. त्या दिवशी जे शिकलो आणि पुढच्या काही वर्षांत वाचून, करून पाहून जे पक्के केले, ते इथे मांडतो.

कळ ते अक्षर

यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६मध्ये आली. तिच्यामागच्या इंटेलमधल्या चमूत अजय भट्ट हे अभियंते होते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले. त्याआधी कीबोर्डला एक खोबण, माउसला दुसरी, प्रिंटरला तिसरी असा कारभार होता. यूएसबीने सगळ्यांना एकच दार दिले. पण एका दारातून अनेक प्रकारचे पाहुणे येणार म्हटल्यावर प्रत्येकाची ओळख विचारणे आले.

साध्या कीबोर्डच्या केबलमध्ये मुख्य तारा चार. दोन विजेच्या, पाच व्होल्टच्या, आणि दोन माहितीच्या. कीबोर्ड जोडला की माहितीच्या एका तारेवरचा विद्युतदाब वर जातो. कोणीतरी आले हे संगणकाला त्यावरून कळते. मग तो विचारतो, तू कोण? कीबोर्ड आपल्या उत्पादकाचा क्रमांक, स्वतःचा क्रमांक आणि आपण कोणत्या जातीचे उपकरण आहोत हे सांगतो. त्यानुसार लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, योग्य चालक शोधून त्याच्या हाती कारभार देतो. चालक म्हणजे त्या उपकरणाची भाषा जाणणारा छोटा प्रोग्राम. कीबोर्ड-माउसच्या या चालकाचे नाव यूएसबीएचआयडी.

यातली गंमत अशी की कीबोर्ड आपणहून कधीच बोलत नाही. संगणक दर आठ-दहा मिलिसेकंदांनी त्याला विचारत राहतो, काही दाबले का? दाबले असेल तर अगदी साध्या पद्धतीत आठ बाइटचे उत्तर येते : एक बाइट शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळांचा, एक राखीव आणि सहा बाइट इतर कळांचे. कर्नेल त्या उत्तराची 'घटना' बनवून डेस्कटॉपकडे पाठवतो आणि तिथे निवडलेल्या भाषेच्या मांडणीनुसार अक्षर ठरते.

म्हणजे वीज, ओळख, चालक, घटना, डेस्कटॉप अशा पाच कड्यांची ही साखळी आहे. कोणतीही एक तुटली तरी वापरणाऱ्याला दिसते ते एकच : अक्षर उमटत नाही.

पहिला प्रश्न : कुठपर्यंत पोचले?

साखळीचे दोन भाग करणारी एक सोपी चाचणी आहे. संगणक सुरू होताना, लिनक्स चढण्याच्या आधी, बायोसचा किंवा ग्रबचा मेनू उघडावा. तिथे लिनक्सचा काही संबंध नसतो. मदरबोर्डवरचा स्वतःचा छोटा चालक कीबोर्ड चालवत असतो. बाणाच्या कळांनी मेनूतली पट्टी वरखाली होत असेल, तर कीबोर्ड, केबल आणि पोर्ट बहुधा ठणठणीत आहेत.

पट्टी हललीच नाही, तर आधी हार्डवेअर तपासावे. मधला हब काढून टाकावा. पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या एका वेगळ्या केबलने जोडलेले असतात आणि ती सैल होऊ शकते, म्हणून मागच्या पोर्टात लावून पाहावे. संगणक बंद करून, वायर काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे. उरलीसुरली वीज निघून गेली की अडकलेला पोर्ट कधीकधी मोकळा होतो. शेवटी तोच कीबोर्ड दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावा.

वाचनालयाच्या यंत्रावर ग्रबच्या मेनूत पट्टी हलली. मदरबोर्ड गेलेला नव्हता. त्याच मेनूत आधीचे, जुने कर्नेलही निवडता येते. ते निवडले आणि कीबोर्ड, माउस दोन्ही चालू झाले.

नोंदवही बोलते

लिनक्सचा मोठा गुण हा की ते आपली रोजनिशी लपवत नाही. 'डीमेसेज' ही आज्ञा, छोट्या रोमन अक्षरांत, दिली की कर्नेलच्या नोंदी दिसतात. काही वितरणांवर तिच्याआधी 'सुडो' लावावे लागते. 'एलएसयूएसबी' ही आज्ञा जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देते. 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा, नोंदी जपून ठेवण्याची सोय सुरू असेल तर, मागच्या वेळच्याही दाखवते.

मी बिघडलेल्या वेळच्या नोंदी काढल्या. नवे उपकरण सापडले, अशी ओळ होती. उत्पादनाच्या रकान्यात कीबोर्डचे नावही होते. म्हणजे वीज होती, ओळखही पटली होती. पण त्यापुढे यूएसबीएचआयडीने कारभार हाती घेतल्याची जी ओळ यायला हवी, ती नव्हती. कडी सापडली! बाईंना विचारले, तेव्हा आठवले : आदल्या आठवड्यात अपडेट चालू असताना वीज गेली होती आणि यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली. नवे कर्नेल उतरले होते, त्याचे काही चालक मात्र उतरायचे राहिले होते. डेबियन घराण्यातल्या लिनक्सवर अर्धवट राहिलेली स्थापना पुरी करणाऱ्या आज्ञा असतात. जुन्या कर्नेलवरून त्या चालवल्या आणि पंधरा मिनिटांत काम झाले.

इतर ओळीही वाचायला शिकाव्यात. नोंदीत 'एरर' शब्दापुढे उणे ७१ दिसले, तर संभाषणात घोळ झाला आहे. उणे ११० म्हणजे वेळेत उत्तरच आले नाही. दोन्हींत संशय आधी केबल, पोर्ट आणि अपुऱ्या विजेवर घ्यावा.

काही फसवी दुखणी

थोडा वेळ हात काढला की माउस झोपतो आणि हलवल्यावर पहिले काही क्षण दाद देत नाही. हे बऱ्याचदा वीज वाचवण्याच्या सोयीचे काम असते. त्या उपकरणापुरती ती 'ऑटो'वरून 'ऑन' केली की थांबते.

वायरलेस माउस अडखळत असेल, तर त्याचा रिसीव्हर यूएसबी ३च्या पोर्टाशेजारी आहे का ते पाहावे. त्या पोर्टांतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेलनेच २०१२ साली दाखवून दिले. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर दूर नेणे, एवढाच उपाय.

सर्वांत फसवे दुखणे म्हणजे 'स्लो कीज'. हात थरथरणाऱ्यांसाठी केलेली ही सोय काही डेस्कटॉपांवर शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यास आपोआप सुरू होते. मग कळ दाबून धरल्याशिवाय अक्षर येत नाही आणि वाटते, कीबोर्ड मेला. आणि पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल, तर मांडणी मराठीवर राहिली नाही ना, हे पाहावे.

भंगाराआधी

ऑक्टोबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. नव्या विंडोजच्या अटींत न बसणारी अनेक चांगली यंत्रे आता एक तर लिनक्सकडे वळतील, नाही तर भंगारात जातील. शाळा, वाचनालये, छोटी दुकाने यांच्यापुढे हा प्रश्न येणारच. तिथे लिनक्स बसवून देणाऱ्याने दोन गोष्टी शिकवून जाव्यात : जुने कर्नेल कसे निवडायचे आणि नोंदवही कशी वाचायची. नाही तर चांगले यंत्र 'चालत नाही' या दोन शब्दांवर बाद होते.

त्या दिवशी संध्याकाळपासून अर्ज भरणे पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या दिवशी वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे होते. मी आणलेले दोन कीबोर्ड आणि एक माउस अजून कपाटात आहेत. यूपीएसची बॅटरी मात्र आम्ही त्याच आठवड्यात बदलली.