पवनारच्या पुलावरून रॉटरडॅम किती लांब?

कपाटातले चार टी-शर्ट काढा आणि कॉलरच्या आतलं लेबल वाचा. एखादा आपल्याच देशातला असेल, बहुधा तिरुपूरचा. पण एखाद्यावर 'मेड इन बांगलादेश' लिहिलेलं सापडण्याची शक्यता बरीच आहे. गंमत अशी की बांगलादेशात कापूस नावापुरताच पिकतो. तरीही तयार कपड्यांच्या निर्यातीत चीनच्या खालोखाल त्याचं आणि व्हिएतनामचं नाव येतं. आणि आपण? दिवाळीनंतर वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्याला लागा, दोन्ही बाजूंना पांढरी फुटलेली पऱ्हाटी. कापूस आपला, शर्ट त्यांचा. असं का?

स्वस्त मजुरी हे एक उत्तर आहे. युरोपात शुल्क न भरता माल विकायची मुभा, हे दुसरं. पण तिसरं उत्तर कॉमर्सच्या पुस्तकात एका परिच्छेदात उरकलं जातं, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलू: लॉजिस्टिक्स. म्हणजे फक्त ट्रक आणि गोदाम नाही हं. माल कुठे बनवायचा, कुठे साठवायचा, कधी हलवायचा आणि वाटेत काही अडलं तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवणं. बांगलादेशातल्या कारखान्याला निर्यातीच्या ऑर्डरसाठी लागणारं कापड शुल्क न भरता बाहेरून आणून 'बाँडेड' गोदामात ठेवता येतं. कच्चा माल देशात नसला तरी कारखाना अडत नाही, तो या सोयीमुळे.

आता पवनारला या. नागपूर-वर्धा रस्त्यावर धाम नदीचा पूल, नदीकाठी विनोबांचा आश्रम. हंगामात इथून कापसाच्या गाड्या वर्धा, सेलूच्या जिनिंगकडे जाताना दिसतात. जिनिंग-प्रेसिंग तालुक्यातालुक्यात आहेत, मग शर्टाचे कारखाने का नाहीत? वजनाचं गणित करून बघा. शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण एक तृतीयांश, उरलेलं बहुतेक वजन सरकीचं. शिवाय वेचलेला कापूस फुगीर, गाडी वजनाने नाही तर आकारानेच भरते. तो लांब नेणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. त्यामुळे जिनिंग शेताजवळच लागते. पण एकदा रुई दाबून 170 किलोची गाठ बांधली, की ती कुठेही जायला मोकळी. कोइंबतूर, ढाका, कुठेही. शेताजवळ राहण्याची सक्ती गाठ बांधली जाते तिथे संपते, आणि आपल्या जिल्ह्यातला बराचसा पैसाही तिथेच थांबतो.

हे गणित जमशेदजी टाटांना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं. तेव्हा कापड गिरणी काढायची तर मुंबईत, असा रिवाज. ते आले नागपूरला. रेल्वे 1867 साली नागपूरपर्यंत पोचलेली, कापूस दाराशी, कोळसा वरोऱ्याला आणि कापडाला गिऱ्हाईक आजूबाजूच्या मुलखात. 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षं मुंबईच्या गिरण्यांना तोडीस तोड चालली. जागेची निवड हीच तिची मोठी चाल होती. मग ती बंद का पडली? कारणं अनेक, पण एक उघड आहे. वीज आणि ट्रक आल्यावर कोळशाजवळ असण्याची मिजास कोणाला उरली नाही. आज त्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे, तुम्ही तिथे सिनेमा बघितला असेल.

पवनारच्याच आश्रमात विनोबांनी 1950 च्या सुमाराला कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशाशिवाय जगायचं, आपलं अन्न आपण पिकवायचं, आपला कपडा आपण कातायचा. शेतातला कापूस, तिथेच सूत, अंगावर कापड. वाहतूक शून्य! एमबीएच्या वर्गात हे उदाहरण द्यायला हवं असं मला वाटतं, भले कुणी हसो.

विनोबांचं उद्दिष्ट वेगळं होतं, पण 'माल फार फिरवायचा नाही' हा हिशेब स्पेनची झाराही मांडते. तिचे बरेच कपडे स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तानात शिवले जातात. मजुरी आशियापेक्षा जास्त पडते. पण दुकानांना आठवड्यातून दोनदा नवा माल मिळतो. जे खपत नाही ते जास्त बनवलेलंच नसतं, त्यामुळे सेलमध्ये फुंकून टाकायची वेळ कमी येते. शिलाईत गेलेला पैसा दिवस वाचवून परत मिळतो.

दिवस हेच खरं अंतर आहे, हे नाशिकच्या द्राक्षवाल्यांना विचारा. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला निघालेला कंटेनर साधारण दहा ते चौदा दिवस जास्त लागून पोचू लागला. भाडं वाढलं ते वेगळंच. त्याच हंगामात दक्षिण आफ्रिकेची द्राक्षंही युरोपात येतात, पण त्यांच्या वाटेत सुएझ येतच नाही. नाशिकचं फळ तेच, शेतकरी तोच, तरी एका फटक्यात प्रतिस्पर्धी दोन आठवडे पुढे.

आता विदर्भाची अडचण बघा. वर्ध्याहून न्हावाशेवा रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. समुद्रावरचा किलोमीटर रस्त्यावरच्या किलोमीटरपेक्षा कितीतरी स्वस्त असतो, त्यामुळे ब्राझीलची रुई थूथुकुडी बंदरात उतरून तमिळनाडूच्या गिरणीत जाते तेव्हा वर्ध्याची गाठ तिच्यापुढे फार जवळची ठरत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं, ती सवलत 31 डिसेंबरपर्यंत चालली. म्हणजे ऐन वेचणीच्या दिवसांत. आपल्याकडे भावावरून जो आरडाओरडा झाला त्याच्या मुळाशी हेही अंतराचं गणित होतं.

दुसरी अडचण सहसा बातमीत येत नाही: रिकामा डबा. निर्यात करायची तर रिकामा कंटेनर हवा. तो कुठे मिळतो? जिथे आयातीचा माल उतरतो तिथे. ज्या भागात आयात कमी, तिथे डबा बंदरावरून रिकामाच आणावा लागतो आणि ते भाडं शेवटी निर्यातदाराच्या बोकांडी बसतं. म्हणून एकट्या कारखान्याने हा प्रश्न सुटत नाही, आयात-निर्यात दोन्ही एका ठिकाणी गोळा करावी लागते. ड्रायपोर्ट हवा तो यासाठी. कस्टम्सची तपासणी इथेच, सील इथेच, आणि गाडी थेट बंदरात.

पवनारहून नागपूरकडे जाताना सेलू तालुक्यातलं सिंदी (रेल्वे) लागतं, आडवाटेला. तिथे ड्रायपोर्टचं भूमिपूजन झालं 2017 साली. जेएनपीटीने जवळपास साडेतीनशे एकर जागेवर मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्कसाठी करार केला ऑक्टोबर 2021 मध्ये. आज जो एफवायला आहे तो भूमिपूजनाच्या वेळी प्राथमिक शाळेत होता. दरम्यान 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मात्र पूर्ण झाला. नागपूर-शिर्डी डिसेंबर 2022 ला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून 2025 ला. आपला इंटरचेंज येळाकेळीला, त्याच धाम नदीच्या काठी.

मात्र रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. येळाकेळीहून भिवंडी जवळ आली, तशी भिवंडीच्या गोदामालाही वर्ध्याची बाजारपेठ जवळ आली. ऑनलाइन मागवलेला शर्ट लवकर घरी येईल, याचा आनंद आहेच. पण इथून जाणारा ट्रक गाठीच नेणार की शर्टही, हे रस्ता ठरवत नाही. अमरावतीच्या नांदगाव पेठजवळ होणाऱ्या पीएम मित्र टेक्सटाइल पार्कची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 ला वर्ध्यातल्या कार्यक्रमात झाली. सूत, विणकाम, रंगाई, शिलाई एकाच आवारात आणायची, ही त्यामागची कल्पना. तो पार्क भरला तर गाठीला कोइंबतूरची वाट धरायची गरज कमी होईल. मला विचाराल तर विदर्भासाठी समृद्धीपेक्षा मोठी गोष्ट ती असेल.

जागतिक बँकेच्या 2023 च्या लॉजिस्टिक्स निर्देशांकात 139 देशांत भारत 38 वा आहे, 2018 मध्ये 44 वा होता. पहिला सिंगापूर, तिथे ना कापूस ना संत्रं.

ही कामं करायला माणसं लागतात, आणि ती सगळी ड्रायव्हर-हमाल नसतात. केंद्र सरकारचं गतिशक्ती विश्वविद्यालय बडोद्याला आहे, तिथे वाहतूक आणि लॉजिस्टिक्स हाच मुख्य विषय. कस्टम्स ब्रोकरच्या परवान्याच्या परीक्षेसाठी पदवी आणि तिच्या जोडीला ठरावीक पात्रता किंवा कामाचा अनुभव लागतो, पण त्यासाठी इंजिनीअर असावं लागत नाही. सिंदीला पहिली कंटेनरची गाडी लागेल त्या दिवशी कागद तयार करणारा कुणीतरी हवाच असेल. तो मुंबईहून येणार की सेलूहून, एवढंच बघायचं.