तिमोरची सनद आणि तिची भाषा

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस एका बेटाच्या पूर्वार्धांत तिमोर-लेस्ते, म्हणजे पूर्व तिमोर, हा तेरा लक्षांच्या आसपास वस्तीचा देश आहे. पोर्तुगीज अमलांत हा मुलूख फार दिवस गोव्याच्या गव्हर्नराच्या हाताखालीं होता, हें आमच्या गोमंतकीय वाचकांस तरी ठाऊक असावें. २० मे २००२ रोजीं हा देश स्वतंत्र झाला आणि मानवी हक्कांचे बहुतेक सर्व मोठे आंतरराष्ट्रीय करार त्यानें दीड वर्षाच्या आंत पत्करले. अशी घाई क्वचितच दिसते. यातनाप्रतिबंधक करारावर आपल्या भारत सरकारनें १९९७ सालीं सही केली. त्यावर मान्यतेची मोहोर अद्याप उमटावयाची आहे.

तिमोरच्या घाईचें कारण त्याच्या भोगांत शोधावें लागतें. २८ नोव्हेंबर १९७५ रोजीं तेथें स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि अवघ्या नऊ दिवसांनीं इंडोनेशियाचें सैन्य उतरलें. पुढील चोवीस वर्षांत हत्या, उपासमार व रोगराई यांनीं निदान एक लक्ष माणसें दगावलीं, असें तेथील सत्यशोधन आयोगानें २००५ सालीं नमूद केलें. १२ नोव्हेंबर १९९१ रोजीं दिली शहरांत सांताक्रूझच्या दफनभूमींत निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. त्याचें चित्रीकरण बाहेर गेलें तेव्हां कोठें जग हललें. इतक्या वर्षांत त्या लोकांस मोठ्या राष्ट्रांचा आधार फारसा नव्हता; जगापुढें गाऱ्हाणें मांडावयाचें तें या करारांच्याच शब्दांत. तेच शब्द त्यांनीं स्वराज्यांत प्रथम घरीं आणले, अशी आमची समजूत आहे.

३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतांत शेंकडा ७८.५ मतें स्वातंत्र्याकडे पडलीं. चिडलेल्या टोळ्यांनीं गांवेंच्या गांवें जाळलीं. मग संयुक्त राष्ट्रांनीं कारभार हातीं घेतला; त्यांच्या पहिल्याच नियमानें या करारांचें पालन प्रत्येक अधिकाऱ्यावर बंधनकारक केलें व देहान्तशिक्षा रद्द केली. नव्या राज्यघटनेचें ९ वें कलम तर असें आहे कीं, मान्य करून राजपत्रांत छापलेल्या कराराशीं जो देशी नियम विसंगत असेल, तो बाद. मूलभूत हक्कांचा अर्थ १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यास धरून लावावा, असें २३ वें कलम सांगतें.

येथवर सर्व उत्तम. परंतु हे कायदे बहुतांशीं लिहिले गेले पोर्तुगीज भाषेंत! तेतुम हीहि राजभाषा आहे खरी. डोंगरांतील कित्येक गांवांची बोली मात्र तिच्याहूनहि निराळी. तरुण वकील शिकलेले इंडोनेशियन भाषेंत, आणि प्रारंभीं न्यायाधीशहि पोर्तुगीज जाणणाऱ्या परदेशांतून आणावे लागले. आम्हीं उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत घालविला. म्हणून हें बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे. आपलें धर्मशास्त्र ज्यांस वाचतां येत नव्हतें, त्यांस त्यानें बांधलें पुष्कळ, पण त्याचा आधार त्यांस मागतां आला थोडा.

याची झळ सर्वांत अधिक लागते ती घरांतील स्त्रीला. २०१० सालीं तिमोरनें कायदा करून घरांतील मारहाण हा सार्वजनिक गुन्हा ठरविला. म्हणजे पीडितेनें तक्रार मागें घेतली तरी खटला थांबत नाहीं. खेड्यांतील रीत निराळी. वडीलधारे चटई अंथरून बसतात, दोन्ही घराण्यांचें ऐकतात, भरपाई ठरवितात. जिला मार बसला तिचा शब्द सर्वांच्या शेवटीं येतो, किंवा येतच नाहीं. ही चटई सर्वस्वीं वाईट म्हणतां येणार नाहीं. १९९९ मध्यें शेजाऱ्यांचीं घरें जाळणारे कित्येक तिच्यावरच बसून अपराध कबूल करते झाले आणि गांवांत पुन्हां नांदूं लागले. पण जळलेल्या घराचा न्याय व पत्नीच्या मोडलेल्या हाताचा न्याय एकाच मापानें मोजावा, हें आम्हांस पटत नाहीं. घरांतलें घरांतच राहावें असें म्हणणारे आपल्याकडेहि थोडे का आहेत?

दीर्घ काळ त्या सबंध देशांत जिल्हा न्यायालयें अवघीं चार होतीं. पुढें न्यायाधीशच मोटारींत बसून दूरच्या भागांत जाऊं लागले. तेथें फिर्यादी बाई आपल्या बोलींत हकीकत सांगते, दुभाषी ती फिरवितो, आणि ती अखेर पोहोंचते पोर्तुगीज कलमापर्यंत.