अस्तरावरचा क्रमांक

अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने ९ मे १९३१ रोजी ‘ए-२’ या चामडी जॅकेटला मान्यता दिली तेव्हा तो निव्वळ कामाचा पेहराव होता. बहुतेकदा घोड्याच्या कातड्याचं, गडद तपकिरी, मनगटाला आणि कमरेला लोकरीचा विणलेला पट्टा, पुढे चेन, आणि कॉलर वाऱ्याने फडफडू नये म्हणून तिच्या टोकांना टिचबटणं. १९४३ मध्ये जनरल हेन्री ‘हॅप’ अरनॉल्ड यांनी चामडी जॅकेटांची नवी खरेदी थांबवली आणि त्यांच्या जागी कापडी जॅकेटं आली. म्हणजे मूळ ए-२चं आयुष्य जेमतेम बारा-तेरा वर्षांचं. त्यानंतर आजवर, ऐंशीहून अधिक वर्षं, लोक ती जॅकेटं सांभाळत आले, विकत आले, आणि त्यांतले काही जण एकाच प्रश्नाच्या मागे लागले: हे कुणाच्या अंगावर होतं?

हा प्रश्न विचारता येतो, कारण वैमानिकांनीच त्याची सोय करून ठेवली होती. डाव्या छातीवर चामड्याची छोटी नावाची पट्टी, तिच्याजवळ तुकडीचं चिन्ह, आणि पाठीवर तुकडीतल्याच एखाद्या चित्र काढता येणाऱ्या मुलाने रंगवलेलं विमानाचं नाव. त्याखाली बॉम्बच्या रांगा असत, दर मोहिमेला एक बॉम्ब. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधून उडणाऱ्या अमेरिकेच्या आठव्या हवाई दलात सुरुवातीला २५ मोहिमा झाल्या की माणूस सुटत असे. १९४४ मध्ये हा आकडा आधी ३० आणि मग ३५ झाला. त्यामुळे पाठीवरचे बॉम्ब मोजले की त्या माणसाच्या युद्धाचा अंदाज येतो. रांग सतराव्या किंवा अठराव्या बॉम्बवर थांबली असेल, तर पुढे काय झालं ते शोधावंच लागतं. या एकट्या आठव्या हवाई दलाची सुमारे २६,००० माणसं मारली गेली.

पाठीवरची अक्षरं एका माणसाला फार महागात पडली. नोव्हेंबर १९४३ मध्ये ब्रेमेनवरच्या हल्ल्यात ३५१व्या बॉम्बर गटाचा एक बॉम्बफेक्या अधिकारी जर्मनांच्या हाती लागला. त्याच्या पाठीवर ‘मर्डर इंक.’ असं लिहिलं होतं. न्यूयॉर्कच्या एका गुंड टोळीला वर्तमानपत्रांनी दिलेलं हे नाव त्याच्या विमानाला थट्टेत मिळालं होतं. जर्मन प्रचारखात्याने त्याचा पाठमोरा फोटो छापला आणि अमेरिकी वैमानिक भाडोत्री खुनी असल्याचा पुरावा म्हणून तो मिरवला. जॅकेटचा विषय निघाला की मला हा फोटो आधी आठवतो. विशीतल्या मुलांनी भीती झाकण्यासाठी केलेली थट्टा तिऱ्हाइताच्या हाती गेल्यावर तिचा अर्थ किती उलटा होऊ शकतो, हे त्यात दिसतं.

युद्ध संपलं आणि ही जॅकेटं कपड्यांच्या ढिगात गेली. ती शेतावर, शिकारीला, मोटारसायकलवर वापरली गेली. बाही फाटली की फेकून दिली. १९६३ च्या ‘द ग्रेट एस्केप’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनच्या अंगावर ए-२ दिसलं आणि तरुणांना ते हवंहवंसं वाटू लागलं. पण ते कुणाचं, हे विचारणारे थोडेच होते. वळण आणलं ते रॉजर फ्रीमन या इंग्रज शेतकऱ्याने. लहानपणी एसेक्समध्ये घराजवळच्या तळावरून उडणारी अमेरिकी विमानं तो बघत असे. मोठेपणी शेती सांभाळून त्याने त्या गटांचा, विमानांचा, माणसांचा माग काढला आणि १९७० मध्ये ‘द माइटी एट्थ’ हे पुस्तक लिहिलं. आठव्या हवाई दलाला आज सगळे ज्या नावाने ओळखतात, ते त्याच पुस्तकाने रूढ केलं. त्याने जमवलेली छायाचित्रं आता इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या अमेरिकन एअर म्युझियमच्या संग्रहात आहेत आणि जॅकेटवरचं चिन्ह ताडून बघायला आजही त्यांचा आधार होतो.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत शोध सोपा होता. जॅकेट वापरलेली माणसं पन्नाशी-साठीत होती, गटांचे मेळावे भरत, वार्तापत्रं निघत. संग्राहक पत्र टाकायचा आणि जॅकेटच्या मालकाचंच उत्तर यायचं. त्या काळात ज्यांनी पत्रं लिहून उत्तरं जपली, त्यांचे उपकार आज कळतात.

नावाची पट्टी निघून गेलेली असेल, तर खरी परीक्षा सुरू होते. मग अस्तर बघायचं. लष्करी धोबीखान्यात कपडे हरवू नयेत म्हणून आडनावाचं पहिलं अक्षर आणि सैनिकी क्रमांकाचे शेवटचे चार अंक कपड्यावर छापण्याची पद्धत होती. समजा ‘के ४४१७’ एवढंच पुसट दिसतंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने भरतीच्या सुमारे ९० लाख नोंदी संगणकावर खुल्या केल्या आहेत. त्यांत क्रमांकाचा पहिला अंक १ असेल तर माणूस स्वतःहून भरती झालेला, ३ असेल तर सक्तीच्या भरतीतला. दुसरा अंक भरतीचा प्रदेश सांगतो. पण जुनी छिद्रपत्रं यंत्राने वाचताना चुका शिरल्या आहेत. त्यात वैमानिक अधिकारी झाला की त्याला ‘ओ’ने सुरू होणारा नवा क्रमांक मिळायचा, आणि तो भरतीच्या नोंदीत सहसा सापडत नाही. म्हणजे चार अंक हाती असूनही दार बंद. अशा वेळी तुकडीचं चिन्ह, गळ्यामागच्या लेबलवरचा कंत्राट क्रमांक आणि बेपत्ता विमानांचे अहवाल समोर ठेवून एकेक नाव गाळत जावं लागतं.

या सगळ्यावर १२ जुलै १९७३ ची सावली आहे. त्या दिवशी सेंट लुईसजवळच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राच्या सहाव्या मजल्याला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात होत्या, आणि दुसऱ्या महायुद्धात हवाई दल लष्कराचाच भाग होतं. फायलींच्या प्रती कुठेच नव्हत्या. त्यामुळे कित्येक माणसांच्या युद्धकाळाचा घरात उरलेला पुरावा म्हणजे कपाटातलं ते चामडं. या छंदाकडे नुसता छंद म्हणून बघू नये, असं मी म्हणते ते याच कारणाने.

ऐंशीच्या दशकात बाजार तापला. १९८६ च्या ‘टॉप गन’ या चित्रपटाने अमेरिकी नौदलाचं जी-१ जॅकेट घराघरांत नेलं, १९८८ मध्ये अमेरिकी हवाई दलाने ए-२ पुन्हा गणवेशात आणलं, जपानी कारागिरांनी टाक्या-टाक्याने हुबेहूब नकला शिवल्या. नक्कल म्हणून विकलेली नक्कल वाईट नाही. वाईट आहे ते जुन्या कोऱ्या चामड्यावर नवं चित्र काढून मेलेल्या माणसाचं नाव विकणं. जाणकार भिंग घेऊन बसतात. खरा जुना रंग चामड्याबरोबर तडकतो. नवा रंग आधीच्या तड्यांत झिरपतो. अतिनील दिव्याखाली युद्धानंतरचा कृत्रिम धागा बऱ्याचदा चमकतो. त्याहून मोठं नुकसान मात्र खऱ्या वस्तूंचं होतं. चिन्ह वेगळं, पट्टी वेगळी, पदक वेगळं असं सुटं करून विकलं की पैसे जास्त येतात आणि माणूस कायमचा हरवतो.

आता आपल्याकडचा धागा. एप्रिल १९४२ ते नोव्हेंबर १९४५ या काळात आसाममधल्या चाबुआ, दिनजान, मोहनबाडीसारख्या तळांवरून हिमालयाचा पूर्वेकडचा भाग ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला रसद जात होती. वैमानिक त्या वाटेला ‘हंप’ म्हणत. साडेसहा लाख टन माल गेला आणि सुमारे ६०० विमानं पडली. या माणसांच्या जॅकेटांवर ढालीच्या आकाराचं चिन्ह असे: वर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली लाल-पांढरे पट्टे. शिवाय चिनी लिपीतला एक कापडी तुकडा असे. हा परदेशी आपल्या मदतीला आला आहे, याला वाचवा, असा त्याचा आशय. आधी तो पाठीवर शिवत. शत्रूला लांबून दिसतो म्हणून पुढे आतल्या अस्तराला शिवू लागले.

ही चिन्हं पुष्कळदा भारतातच तयार झाली. कलकत्त्यासारख्या शहरांतल्या कारागिरांनी पातळ बकऱ्याच्या चामड्याचे रंगीत तुकडे कापून, एकावर एक बसवून, शिवून किंवा हाताने रंगवून, कधी जरीकाम करून ती अमेरिकी मुलांना विकली. आज ती संग्राहकांना अतिशय प्रिय आहेत. पण ती घालणाऱ्याचं नाव शोधायला लोक आयुष्य घालवतात, आणि ती करणाऱ्याचं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही. मला ही या इतिहासातली सगळ्यात मोठी पोकळी वाटते. हंपवरच्या काही वैमानिकांची तर जॅकेटंही उरली नाहीत. २५ जानेवारी १९४४ रोजी बेपत्ता झालेल्या ‘हॉट ॲज हेल’ या बी-२४ विमानाचे अवशेष २००६ मध्ये अरुणाचलच्या डोंगरात क्लेटन कूल्स या अमेरिकी शोधकाला सापडले. त्यातल्या एका माणसाची ओळख पटून त्याचं २०१७ मध्ये मायदेशी दफन झालं, म्हणजे ७३ वर्षांनी. अरुणाचलमध्येच पासीघाटला २०२३ मध्ये या हंपवरच्या वाहतुकीचं संग्रहालयही उघडलं.

ब्रिटिश बाजूला काम अधिक कठीण. तिथलं मेंढीच्या लोकरी कातड्याचं ‘अर्विन’ जॅकेट उबदार, पण बाहेर नावाची पट्टी नाही. आत शाईने लिहिलेलं नाव टिकलं असेल तरच, नाहीतर वैमानिकाचं लॉगबुक आणि तुकडीची दैनंदिन नोंदवही यांवर भिस्त. १९४० मध्ये २४ भारतीय वैमानिक ब्रिटनला गेले, त्यांतले महिंदरसिंग पुजी पगडी घालून हरिकेन विमान उडवत. इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंडला आता त्यांचा पुतळा आहे. मुंबईत जन्मलेले आणि पुढे वायुसेनाप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. अशा मोठ्या नावांच्या नोंदी राहतात. ज्या सार्जंटाने किंवा मेकॅनिकने वीस वर्षं निमूट सेवा केली, त्याच्या वस्तू मात्र घर बदलताना भंगारात जातात.

पुणे, नाशिक, नागपूर आणि बेळगावकडे वायुसेनेतल्या माणसांची घरं काही कमी नाहीत. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत असं जॅकेट असेल, तर चार गोष्टी पाळाच. त्याला तेल चोळू नका. शिवलेलं चिन्ह उसवू नका. घालणाऱ्याचं नाव, सेवा क्रमांक, स्क्वाड्रन आणि वर्षं कागदावर पेन्सिलीने लिहून तो कागद जॅकेटजवळ ठेवा. आणि कधी द्यायची किंवा विकायची वेळ आलीच, तर जॅकेट, लॉगबुक आणि फोटो एकाच हाती सोपवा.