मोबाईल घेताना कॅमेऱ्याआधी पाण्याचा विचार करा

मच्छीमार बंधू-भगिनींनो, डही भागात सध्या एकच चर्चा आहे, रेडमी घ्यावा की सॅमसंग?

2024 चेच दोन फोन बघू. रेडमी नोट 13 प्रोला कॅमेरा 200 मेगापिक्सेल, चार्जिंग 67 वॅट. गॅलेक्सी ए35 ला 50 मेगापिक्सेल आणि 25 वॅट. कागदावर रेडमी जिंकला. पण त्याचा नेहमीचा फोटो साधारण 12 मेगापिक्सेलचाच निघतो, आणि व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवला की आणखी बारीक होतो. रोहू-कटल्याचा भाव काही त्याने वाढत नाही. झटपट चार्जिंग मात्र कामाचं, लाईट थोडाच वेळ असली तरी भागतं.

खरा फरक पाण्याचा. रेडमी आयपी54, म्हणजे शिंतोडे सोसेल, बुडाला तर भरवसा नाही. ए35 आयपी67, म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. आपल्या नर्मदेत सरदार सरोवराचं पाणी किती खोल आहे ते तुम्हाला सांगायला नको! आणि पाणी शिरलं तर सहसा वॉरंटीही मिळत नाही. म्हणून फोन कुठलाही घ्या, गळ्यात दोरीचं प्लॅस्टिक पाकीट हवंच.

ओल्या बोटांना टच दोघांचाही दगा देतो. जाळं ओढताना फोन उचलायचा तर आमच्या मते बटणवालाच बरा, चार्जिंगही दोन-तीन दिवस पुरतं.